ओतीव लोखंड नसतं, तर हान राजवटीला लोखंडाचा धंदा ताब्यात घेता आला असता का?

चकमक

गेले दोन-तीन महिने हान राजवटीतल्या चीनबद्दल मिळेल ते वाचतोय. एक प्रश्न पाठ सोडत नाही, म्हणून धागा काढला.

इ.स.पू. ११९ च्या सुमारास सम्राट वू याने मीठ आणि लोखंड हे दोन्ही धंदे सरकारजमा केले. चोरून लोखंड गाळताना कोणी सापडला तर डाव्या पायात लोखंडी बेडी आणि सगळं सामान जप्त. देशभर पन्नासाच्या घरात लोह-कचेऱ्या उघडल्या. फाळ, कुदळ, विळा, खुरपं, सगळं सरकारी भट्टीतून येऊ लागलं.

मिठाचं समजू शकतो. ते ठराविक जागीच पिकतं, तिथे पहारा बसवला की झालं. पण लोखंडाचं खनिज डोंगरोडोंगरी सापडतं. आपल्याकडे महाबळेश्वरच्या बाजूला धावड लोक इंग्रजी अमलापर्यंत लोखंड गाळत होते. मातीची लहानशी भट्टी, हाताचा भाता, लोणारी कोळसा, की काम सुरू. अशी भट्टी रानात कुठेही उभी राहते आणि काम झालं की मोडून टाकता येते. तिच्यावर कारकून कुठे कुठे बसवणार?

मला वाटतं उत्तर भट्टीतच आहे. चीनमध्ये इ.स.पू. पाचव्या शतकापासून लोखंड वितळवून साच्यात ओतत होते. त्यासाठी भट्टी मोठी लागते, माणसं पुष्कळ लागतात, आणि जंगलच्या जंगल कोळशासाठी जातं. एवढं मोठं काही लपत नाही, आणि जे लपत नाही ते ताब्यात घेता येतं. म्हणजे हान सरकारला जो आकार आला तो भट्टीच्या आकारामुळे आला. चुकत असेन तर जरूर सांगा, त्यासाठीच विचारतोय.

मोरपंखी

वाचतेय. एक शंका, ओतीव लोखंड म्हणजे आपलं बीडच ना? बिडाच्या तव्यातलं?

ओतारी

मोरपंखी, हो, तेच. मी कोल्हापूरकडे एका फाउंड्रीत २२ वर्षं मेल्टिंगला आहे, तेव्हा हा भाग मी सांगतो.

शुद्ध लोखंड १५३८ अंशांना वितळतं. जुन्या लहान भट्टीत एवढी आच मिळत नाही. खनिजातून लोखंड सुटं होतं, पण वितळत नाही. तळाशी स्पंजासारखा गोळा जमतो, किट्टाने म्हणजे खनिजातल्या मळाने भरलेला. तो तापलेला असतानाच बाहेर ओढायचा आणि घणाने ठोकून ठोकून किट्ट काढायचं. हाती येतं ते घडीव लोखंड, तेही एका वेळी थोडंच. धावडांचं काम या जातीचं.

भट्टी उंच केली, कोळसा भरपूर दिला आणि भाता जोरात चालवला, की लोखंड कोळशातला कार्बन पिऊ लागतं. सव्वाचार टक्क्यांपर्यंत कार्बन गेला की तेच लोखंड ११५० अंशांच्या आसपास वितळतं आणि पाण्यासारखं वाहतं. फाळाचा साचा असेल तर फाळ, कुदळीचा असेल तर कुदळ. उत्तर चीनमध्ये हेबेईतल्या शिंगलोंगला हानच्याही आधीचे साचे सापडलेत, तेही लोखंडाचेच! मातीचा साचा एकदा ओतला की फोडावा लागतो, लोखंडी साचा पुन्हा पुन्हा वापरता येतो. हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो.

हानच्या काळातली भट्टी केवढी? झेंगझोऊजवळ गूशिंग इथे दोन भट्ट्यांचे तळ सापडले. आकार गोल नाही, लांबट आहे, साधारण ४ मीटर बाय २.७ मीटर. गोल ठेवली असती तर भात्याचा वारा मध्यापर्यंत पोचला नसता. म्हणून एक बाजू अरुंद ठेवली आणि दोन्ही लांब कडांनी वारा दिला. ज्याने हे ठरवलं तो माणूस भट्टीसमोर वर्षानुवर्षं उभा राहिलेला असणार.

तिथेच गोठलेल्या लोखंडाचे ढेपे आहेत, त्यातला मोठा २० टनांच्या वरचा. म्हणजे भट्टी आत गार पडली आणि सगळा माल तळाशी दगड होऊन बसला. आमच्याकडे एकदा पहाटे वीज गेली आणि भट्टीत मेटल गोठलं, अर्धा टनसुद्धा नव्हतं. चार दिवस ब्रेकर लावून फोडत होतो. २० टन म्हणजे काय, ते मला कळतं.

हिशेबनीस

चकमक, मांडणी आवडली, पण पटली नाही.

उंच भट्टी हानच्या आधी तीनशे वर्षं होती. मग सरकारला इ.स.पू. ११९ मध्येच का जाग आली? हानच्या सुरुवातीच्या सम्राटांनी लोखंड खाजगी धंदेवाल्यांच्या हाती सुखाने राहू दिलं होतं. सम्राट वन याने तर इ.स.पू. १७५ मध्ये नाणी पाडायलासुद्धा खाजगी मुभा दिली होती.

बदल झाला तो खजिन्यात. उत्तरेच्या श्योंगनू टोळ्यांशी इ.स.पू. १३३ पासून बिनसलं आणि ११९ मध्ये वाळवंटापलीकडे प्रचंड मोहीम गेली. घोडे, दाणागोटा, जिंकून आलेल्यांना बक्षिसं. त्याच सुमारास व्यापाऱ्यांच्या मालमत्तेवर आणि गाड्यांवर कर बसला. पैशाची निकड होती म्हणून हात घालता येईल तिथे घातला.

आणि एक. इ.स.पू. ९८ मध्ये त्याच सरकारने दारूचा धंदाही ताब्यात घेतला. दारू करायला कुठली चार मीटरची भट्टी लागते? ती घरोघरी होते. तुमच्या हिशेबाने दारू ताब्यात घेताच यायला नको होती.

पाटीपेन्सिल

+१ हिशेबनीस. शिवाय लोखंडाने चीनचं सरकार घडवलं ते हानच्या आधीच. छिन राज्याने बाकीची राज्यं लोखंडी तलवारींच्या जोरावर जिंकली ना?

इरावती७

पाटीपेन्सिल, हा समज सगळीकडे दिसतो, पण पुरावा उलटा आहे. छिनच्या पहिल्या सम्राटाच्या मातीच्या सैन्याजवळ सापडलेली शस्त्रं जवळजवळ सगळी काशाची आहेत. लोखंड होतं ते शेतात आणि खोदकामात.

छिनचा लोखंडाशी संबंध खरा दिसतो तो कागदपत्रांत, म्हणजे बांबूच्या पट्ट्यांत. १९७५ मध्ये हूबेईतल्या श्वेइहूदी इथे एका छोट्या अधिकाऱ्याची कबर सापडली. इ.स.पू. २१७ च्या सुमारास वारलेला माणूस, आणि शवपेटीत त्याच्याभोवती कायद्याच्या पट्ट्या ठेवलेल्या. त्यात एक कलम आहे: सरकारी लोखंडी अवजार उसनं नेलं आणि ते जुनं झाल्याने झिजून मोडलं, तर तसं लेखी कळवायचं, मोडकं परत द्यायचं आणि भरपाई मागायची नाही.

मला हे कलम फार आवडतं. सरकार अवजारं बाळगतं, शेतकऱ्याला उसनी देतं, आणि झिजलेलं अवजार म्हणजे गुन्हा नव्हे एवढं त्याला कळतं. त्याच पट्ट्यांत लोखंडाच्या खाणीवरच्या अधिकाऱ्यांचेही उल्लेख आहेत. इतिहासकार सिमा च्येन याचे खापरपणजोबा छिनच्या राज्यात लोखंडाचे अधिकारी होते, हे त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. म्हणजे हानने शून्यातून काही उभं केलं नाही.

मोरपंखी

अवजार मोडल्यावर ‘झिजून मोडलं’ असं लिहून द्यायचं! हे कलम आमच्या कॉलेजच्या लॅबला हवं होतं :)

इरावती७

:)

विषय निघालाच आहे तर हानच्या आधीच्या लोहारशेठांची एक गोष्ट सांगते. छिनने जाओ राज्य जिंकल्यावर तिथल्या झुओ घराण्याला देशोधडीला लावलं. नवराबायको हातगाडी ढकलत पायी निघाले. बरोबरचे बाकीचे विस्थापित अधिकाऱ्यांना थोडंफार देऊन जवळची जागा मागत होते. झुओने मुद्दाम लांबची मागितली, कारण तिकडची जमीन सुपीक आहे आणि तिथे कोणी उपाशी मरत नाही असं त्याने ऐकलं होतं. सिचुआनमधल्या लिनच्योंगला त्याने लोखंडाच्या डोंगरात भट्ट्या लावल्या आणि इतका श्रीमंत झाला की हजार चाकर राबायचे आणि राजासारखी शिकार चालायची.

याच घराण्यातली झुओ वनच्युन. एका निर्धन कवीबरोबर पळून गेली, वडिलांनी छदाम दिला नाही. तेव्हा दोघांनी बापाच्या गावातच दारूचं दुकान टाकलं. ती गल्ल्यावर उभी आणि कविराज लंगोटीवजा कपड्यात भांडी घासतायत! शेवटी लाजेकाजेस्तव बापाने पैसे दिले. तो कवी सिमा श्यांगरू, पुढे सम्राट वूच्या दरबारात गाजला.

पाटीपेन्सिल

तलवारींचं मान्य, माहितीबद्दल आभार. आणि दारूचं दुकान काढायला लोखंडाच्या भट्टीवाल्याची मुलगी, म्हणजे हिशेबनीस यांचे दोन्ही मुद्दे एका घरात आले.

चकमक

इरावतीताई, काय सुंदर सांगितलंत. या गोष्टीतच माझा मुद्दाही आहे. हजार चाकर असलेला भट्टीवाला सरकारला दिसणारच.

हिशेबनीस, निकडीचं मान्य. भट्टीमुळे मक्तेदारी *आली* असं नको म्हणायला, मी जास्तच ठामपणे लिहिलं. पण दारूचं उदाहरण तुम्ही माझ्याच बाजूने दिलंत! इ.स.पू. ८१ मध्ये दरबारात मोठा वाद झाला. देशभरातून साठाहून जास्त पंडित बोलावले होते आणि समोर सरकारची बाजू मांडायला सांग होंगयांग. ल्वोयांगच्या व्यापाऱ्याचा मुलगा, तोंडी हिशेबात इतका तल्लख की तेराव्या वर्षी राजवाड्यात घेतलेला. वादानंतर रद्द काय झालं? दारूची मक्तेदारी, आणि राजधानीच्या मुलखातल्या लोह-कचेऱ्या. दारू १७ वर्षांत हातची सुटली. बाकी देशातलं लोखंड सरकारकडेच राहिलं. इच्छा दोन्हीकडे सारखीच होती, पण टिकली ती भट्टीवाली.

रानमेवा

मी शेतकरी आहे. इतिहासातलं फार कळत नाही, पण या वादात पंडितांनी अवजारांबद्दल काय सांगितलं ते कोणीतरी लिहा. मला तेच हवंय.

निळावंती

रानमेवा, थोडक्यात लिहिते. पंडितांचं म्हणणं असं: सरकारी अवजारं मोठमोठी आणि बोजड. ठरलेला आकडा गाठण्यासाठी केलेली, शेतकऱ्याच्या हाताला बसतील अशी नाहीत. किंमत जास्त, माल वाईट. गावोगावची माती वेगळी, पण अवजार सगळीकडे एकच. शेतकरी लांबून पायपीट करून यावा तर अधिकारी जागेवर नाही. ऐन हंगामात दिवस मोडतो. गरीब लोक पुन्हा लाकडाने नांगरू लागले आणि हाताने तण उपटू लागले.

सरकारची बाजूही ऐकण्यासारखी होती. खाजगी भट्टीवाले हजारभर माणसं डोंगरात गोळा करतात, ती बहुतेक गाव सोडून आलेली, ना कर ना घरदार. असा माणूस उद्या बंड करील. शिवाय सरकारकडे साधनं पुरेशी आहेत आणि कारागीर तयार आहेत, तेव्हा माल एकसारखा होईल.

रानमेवा

धन्यवाद ताई. आता माझं ऐका.

आमच्या आजोबांच्या वेळी गावात लोहार होता, बलुत्यावर. आमची अर्धी जमीन काळी, अर्धी मुरमाड. काळ्या रानाचा फाळ तो लांब आणि निमुळता ठेवायचा. मुरमाड रानाचा आखूड, जाड, टोकाला पाणी जास्त दिलेला. त्याला सांगावं लागायचं नाही. कुठला फाळ कोणाचा, त्याला ठाऊक. मोडला तर त्याच दिवशी ठोकून द्यायचा, कारण सुगीला खळ्यावर त्याला आमच्याच दारात यायचं असायचं.

काही वर्षांपूर्वी एका योजनेत आम्हाला खुरपी मिळाली. सगळी एकसारखी, मूठ माझ्या बायकोच्या हातात मावेना, आणि तिसऱ्या दिवशी पातं वाकलं. २१०० वर्षांपूर्वी त्या शेतकऱ्यांबद्दल पंडितांनी जे सांगितलं ते मला शब्दन् शब्द कळलं. ‘माती वेगळी, अवजार एकच’, एवढ्यावर मी रात्रभर बोलू शकतो.

ओतारी

रानमेवा, तुमचं खुरपं वाकलं, त्यांचं तुटत असणार. बीड वाकत नाही, काचेसारखं मोडतं. हान लोकांना हे पक्कं माहीत होतं. म्हणून ओतलेला माल ते पुन्हा भट्टीत घालून ९०० अंशांच्या वर काही दिवस धुमसत ठेवायचे. त्याने बीड चिवट होतं आणि धोंड्यावर आपटलं तरी टिकतं. युरोपला हे साधायला सतरावं-अठरावं शतक उजाडलं.

आता माझ्या धंद्यातून बोलतो, हा माझा तर्क आहे. आकडा वरून ठरून आला की पहिली काटछाट या धुमसवण्यात होते. ओतलेला आणि धुमसवलेला फाळ बाहेरून सारखाच दिसतो. मोजणाऱ्याला नग दिसतात, चिवटपणा दिसत नाही. तो कळतो शेतात.

पण सगळा सरकारी माल वाईट होता असंही नाही. गोंगश्येनजवळच्या त्येशंगगौ इथल्या एका कुदळीत गोलाकार ग्रॅफाइट दिसलंय. आम्ही ज्याला एस.जी. आयर्न म्हणतो, त्यात ग्रॅफाइट असंच गोल असतं, आणि ते विसाव्या शतकातलं काम आहे. हान कारागिराच्या हातून ते कसं साधलं असेल हा विचार मी कितीदा केलाय.

निळावंती

भट्टीवर राबणाऱ्यांबद्दल अजून कोणी लिहिलं नाही. सरकारी भट्टीवर कैदी, वेठीचे शेतकरी आणि शिपाई होते. इ.स.पू. ४४ च्या सुमारास गोंग यू नावाच्या अधिकाऱ्याने सम्राटाला लिहिलं की डोंगर फोडून तांबं-लोखंड काढायला वर्षाला लाखाहून जास्त माणसं लागतात.

इ.स.पू. २७ मधली पेइ प्रांतातल्या लोह-कचेरीची नोंद आहे. भट्टीतून लोखंड खाली उतरेना. आतून गडगडाट, कधी मेघगर्जनेसारखा, कधी नगाऱ्यासारखा. १३ कामगार घाबरून पळाले. आवाज थांबल्यावर येऊन बघतात तर जमीन काही फूट खचलेली, भट्टीचे दहा तुकडे, आणि आतलं लोखंड उल्कांसारखं वर उडालेलं. दरबाराने ती अपशकुन म्हणून लिहून ठेवली. त्या १३ जणांची नावं नाहीत.

आणि बंडाची जी भीती सरकारने खाजगी भट्टीवाल्यांबद्दल दाखवली, ती खरी ठरली सरकारी भट्टीवर. इ.स.पू. २२ मध्ये यिंगच्वानच्या लोह-कचेरीतल्या १८० कैद्यांनी अधिकाऱ्यांना मारलं, शस्त्रागार लुटलं आणि ९ प्रांत पालथे घातले. इ.स.पू. १४ मध्ये शानयांगला पुन्हा तेच, २२८ कैदी. हजार माणसं डोंगरात एकत्र आणायची तर धोका आलाच, मालक कोणीही असो.

ओतारी

तो आवाज मी लहान प्रमाणात ऐकलाय. माल अडकून बसतो, वर पोकळी होते आणि मग एकदम कोसळतो. खाली ओल असेल तर वाफेचा स्फोटच. १३ जण पळाले ते बरं झालं.

हिशेबनीस

चकमक, दारूचा मुद्दा मान्य, चांगलं पकडलंत. पण गोंग यूचं निघालंच आहे तर पुढचं सांगतो. त्याच इ.स.पू. ४४ मध्ये सम्राट युआन याने मीठ-लोखंडाच्या कचेऱ्या बंद केल्या. तीन वर्षांत, ४१ मध्ये, परत उघडल्या. का? खर्च भागेना. म्हणजे राज्यकारभाराला या पैशाची सवय लागली होती. भट्टीने सरकारला लोखंड दिलं असेल, पण सरकार भट्टीला धरून बसलं ते जमाखर्चासाठी.

शिवाय ही यंत्रणा चालवायला कोण होते बघा. नानयांगचा बडा भट्टीवाला कोंग जिन आणि मीठवाला दोंगग्वो श्येनयांग. ज्यांचा धंदा घेतला त्यांनाच अधिकारी केलं, आणि त्यांनी खाली जुन्या धंदेवाल्यांनाच कारकून नेमलं. तोवर व्यापाऱ्यांना सरकारी पद वर्ज्य होतं. पंडितांचा खरा राग यावरही होता.

चकमक

हे मी धरलंच नव्हतं. भट्टी कशी चालवायची हे पंडितांना येत नव्हतं, म्हणून ती येणाऱ्यांना दरबारात घ्यावं लागलं. आभार, हिशेबनीस.

पाटीपेन्सिल

मग ही मक्तेदारी संपली कधी?

इरावती७

हानच्या उत्तरार्धात सैल होत गेली. इ.स. ८८ मध्ये सम्राट ह गादीवर आला तेव्हा खाजगी लोकांना पुन्हा मुभा दिली. तोवर तंत्रही पुढे गेलं होतं. इ.स. ३१ मध्ये नानयांगचा सुभेदार दू शी याने पाणचक्कीवर भाता चालवला. नोंद म्हणते की त्याने कष्ट कमी करून काम जास्त होऊ लागलं आणि लोकांना त्याची सोय झाली. सुभेदाराची आठवण भात्यासाठी ठेवली गेली, हे मला फार छान वाटतं.

ओतारी

चकमक, तुमच्या मूळ प्रश्नाला एक पुरावा सापडलाय. ज्या प्रांतात खनिजच नव्हतं तिथेही हान सरकारने ‘लहान लोह-कचेरी’ उघडली होती. तिचं काम काय? जुनं मोडकं लोखंड गोळा करून पुन्हा ओतणं. भंगार!

आता धावडांच्या पद्धतीचा मुलूख डोळ्यांपुढे आणा. तिथे मोडकी कुदळ कोणताही गावचा लोहार आपल्या ऐरणीवर तापवून जोडेल. बिडाची तुटलेली कुदळ अशी ठोकून जोडता येत नाही. घण मारला की आणखी दोन तुकडे. ती वितळवूनच पुन्हा कामाला येते, आणि वितळवायचं म्हटलं की मोठी भट्टी आली, सरकार आलं. म्हणून खाण नसलेल्या गावीही कचेरी. तुमचं म्हणणं मला इथे पटलं.

रानमेवा

म्हणजे कुदळ मोडली की शेतकऱ्याने तुकडे घेऊन कचेरीत जायचं, आणि अधिकारी जागेवर नाही.

निळावंती

हो. आणि तो ऐन पेरणीचा दिवस.

चकमक

ओतारी, हे मला कुठेच सुचलं नसतं. लहान कचेऱ्या कुठल्या कुठल्या प्रांतात होत्या ते शोधतोय, नकाशा जमला तर इथेच टाकतो. गूशिंगच्या साच्यांवर ‘ह १’ असा ठसा आहे, म्हणजे हेनान प्रांताची पहिल्या क्रमांकाची भट्टी. त्येशंगगौचा ‘ह ३’. ठशांवरून कुठला माल किती लांब गेला तेही बघता येईल.

ओतारी

आम्हीही प्रत्येक नगावर हीट नंबर, म्हणजे तो कुठल्या वितळवणीतला ते सांगणारा आकडा, ओततो. नकाशाची वाट बघतोय.